आपण नक्की कुठे आहात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री सव्वादोनला दारावर धाडधाड. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. "अरे, जरा येतोस का? यांना कसंतरीच होतंय." गेलो तर काका सोफ्यावर बसलेले, बनियन घामाने चिंब, पंखा फुल स्पीडवर. मला बघून म्हणाले, "काही नाही रे, गॅस झालाय. ही उगाच घाबरते."

आता मी पडलो इंजिनियर. इंजिनियरने जे करावं तेच मी केलं, म्हणजे आधी गूगल केलं. मग नागपूरच्या एका डॉक्टर मित्राला फोन लावला (उचलला नाही, पण त्या वेळी मीही कोणाचा उचलला नसता). मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. मग कॅब बुक केली. ती 'नऊ मिनिटांत' येणार होती, पण कॅन्सल झाली. मग दुसरी. आणि हे सगळं करून झाल्यावर १०८.

फोन लगेच उचलला गेला. पलीकडे एक शांत बाई. "आपण नक्की कुठे आहात?"

आणि माझी बोलती बंद! दोन वर्षं त्या घरात राहतोय, पण भाड्याने. पत्ता म्हणजे ॲपमध्ये सेव्ह केलेली एक पिन. मी म्हटलं, "हिंजवडीच्या अलीकडे.. तो बिर्याणीवाला आहे ना, त्याच्या मागे." बाईंना तो बिर्याणीवाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. सोसायटीचं नाव सांगितलं तर त्या नावाच्या तीन निघाल्या. तालुका? माहीत नाही. शेवटी काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लाइटचं बिल समोर धरून पत्ता वाचून दाखवला.

काका वाचले, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे तुमचं लक्ष पुढच्या गोष्टीत राहील. पण दुसऱ्या दिवशी मी फोनचा कॉल लॉग बघितला. मित्राला पहिला फोन २ वाजून १६ मिनिटांनी. १०८ ला फोन २ वाजून ३९ मिनिटांनी. मधली तेवीस मिनिटं माझी. लॉग खोटं बोलत नाही, हे आम्ही ज्युनियर पोरांना येताजाता ऐकवत असतो!

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. संकटात फोन करायचा, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचं डिझाइन कोणी केलं असेल? तीन-चार वीकेंड त्यातच गेले. आणि एक मजेशीर गोष्ट दिसली. हा सगळा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो. 'कुठे?' आणि 'काय?' एक सोडवायला जावं तर दुसरा निसटतो.

सुरुवात 'कुठे'पासून झाली, आणि तीसुद्धा टेलिफोनच्या आधी! १८५२ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात आगीची वर्दी देणारी तारयंत्राची पद्धत सुरू झाली. विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर या दोघांचं हे डोकं. रस्त्यांवर लोखंडी पेट्या. आत एक हँडल. ते फिरवलं की खाचा पाडलेलं चाक फिरायचं, सर्किट चालू-बंद व्हायचं आणि त्या पेटीचा नंबर तारेवरून मुख्य कचेरीत जायचा. बस, एवढंच. पेटीच बोलायची, माणसाने काही बोलायचं नाही. पेटी कुठल्या कोपऱ्यावर आहे ते कचेरीला माहीत, म्हणजे पत्ता आपोआप कळला. आजच्या भाषेत सांगायचं तर डिव्हाइस आयडी हेच लोकेशन. मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण बग्ज होतेच. घाबरलेला माणूस हँडल भराभरा फिरवायचा आणि नंबर लागायचाच नाही. शिवाय खोट्या वर्द्या. म्हणून पेट्यांना कुलपं लावली, आणि किल्ल्या पोलिसांकडे आणि आसपासच्या भरवशाच्या लोकांकडे. ९ नोव्हेंबर १८७२ च्या संध्याकाळी बॉस्टनच्या व्यापारी पेठेत आग लागली. ५२ नंबरच्या पेटीवरून वर्दी गेली, पण किल्लीवाला येऊन कुलूप उघडेपर्यंत आग वरच्या मजल्यांवर पोचली होती. त्यात गावातल्या घोड्यांना साथीचा आजार झालेला, त्यामुळे बंब माणसांनी ओढत आणले. ७७६ इमारती गेल्या. स्पॅम थांबवायला लावलेलं कुलूप खऱ्या माणसालाच आडवं आलं. ओळखीचं वाटतंय ना?

नंतर टेलिफोन आला. आता माणूस स्वतः बोलून 'काय' ते सांगू शकत होता. पण मध्ये ऑपरेटर, आणि ऑपरेटरकडे रांग. १० नोव्हेंबर १९३५ ला लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका सर्जनच्या घराला आग लागली. समोर राहणाऱ्या माणसाने फोन उचलला, पण एक्स्चेंजमध्ये कोणी उत्तरच देईना. खिडकीतून आग दिसतेय आणि कानात नुसती रिंग. घरातल्या पाच बायका गेल्या. त्या शेजाऱ्याने 'द टाइम्स'ला खरमरीत पत्र लिहिलं, चौकशी बसली आणि त्यातून ३० जून १९३७ ला लंडनमध्ये जगातला पहिला असा नंबर सुरू झाला, ९९९.

९९९ च का? इथे आपल्यासारख्यांना खरी मजा येते. जुन्या गोल डायलच्या फोनमध्ये जेवढा आकडा तेवढे ठोके तारेवरून जायचे. एकाचा एक ठोका. वाऱ्याने दोन तारा एकमेकींना घासल्या तरी एक ठोका जायचा, म्हणजे १११ वारा पण लावू शकतो! तो बाद. २२२ वर लंडनचं ॲबी नावाचं एक्स्चेंज. तोही बाद. ० म्हणजे ऑपरेटर, त्यामुळे ००० मधल्या पहिल्याच शून्याला तो उचलणार. उरला ९. पब्लिक फोनच्या डायलमध्ये शून्य फुकट लागावं अशी सोय आधीच होती. ९ शून्याच्या शेजारीच, त्यामुळे थोडासा बदल करून तोही फुकट करता आला. आणि धुरात, अंधारात बोटाने चाचपडत शेवटचं भोक सापडलं की त्याच्या अलीकडचं ९. (न्यूझीलंडमध्ये डायलवरचे आकडे उलटे होते, तिथे १ फिरवला की नऊ ठोके जायचे. म्हणून १९५८ मध्ये त्यांनी १११ घेतला. तारेवर दोन्ही एकच! आकडे कुठल्या टोकापासून मोजायचे यावरची आमची भांडणं किती जुनी आहेत बघा :-))

खरी युक्ती मात्र नंबरात नव्हती, एक्स्चेंजमध्ये होती. ९९९ आला की लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. ऑपरेटरने हातातलं काम टाकून तो कॉल आधी घ्यायचा. म्हणजे सरळसरळ इंटरप्ट! भोंगा इतका कर्कश होता की त्याच्या तोंडात टेनिस बॉल कोंबून आवाज कमी केला असं सांगतात. कुठल्याही सर्व्हर रूममधल्या अलार्मचं अखेर हेच होतं.

आणि 'कधी करावा?' हा प्रश्न तेव्हाही होताच. लंडनच्या एका संध्याकाळच्या पेपरने वाचकांना समजावलं होतं, त्याचा आशय असा: शेजारच्या फ्लॅटमधला माणूस बायकोचा जीव घेत असेल किंवा बँकेच्या पाइपाआडून बुरखेवाला चोर डोकावत असेल तर जरूर फिरवा. पण किरकोळ तक्रारींसाठी सरळ स्थानिक पोलिसांना फोन करा. आठवडाभरात हॅम्पस्टेड भागात एक घरफोड्या या नंबरमुळे पकडलाही गेला. देशभर पोचायला मात्र ९९९ ला १९७६ उजाडलं. (रोलआउट म्हणतात ते हे.)

आता मुंबई. ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट.

१४ एप्रिल १९४४. ही तारीख आपल्याला आंबेडकर जयंतीची म्हणून पाठ असते, पण ती देशाचा अग्निशमन सेवा दिवसही आहे, आणि का, ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलेलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. त्यावर कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. सोबत तेलाची पिपं. आणि सोन्याच्या विटा! युद्धाचे दिवस, जहाजांची टंचाई, त्यामुळे एकत्र ठेवू नये ते सगळं एकत्र. स्फोटकं नेणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावायचा रिवाज. यावर ते नव्हतं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आसपासच्या जहाजांवरच्या काही जणांना फोर्ट स्टिकिनवरून धुराची रेघ दिसली. कोणीच काही बोललं नाही. ज्याचं जहाज त्याला दिसत असेलच की, असं वाटलं असणार. (२ वाजून १६ मिनिटांनी ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या माणसाने यावर जास्त न बोललेलं बरं.) जेवून आलेल्या गोदी कामगारांनी पावणेदोनच्या सुमाराला दोन नंबरच्या कोठारातून धूर बघितला आणि आरडाओरडा केला.

धक्क्यावर अग्निशमन दलाची छोटी तुकडी होती. तिच्या प्रमुखाला जहाजात काय आहे हे कळल्यावर त्याने एका माणसाला पिटाळलं, कंट्रोल रूमला फोन कर, मोठी आग आहे असं सांग. तो माणूस धावत फोनपाशी गेला. फोनला डायलच नव्हती! नंबर फिरवणार कशाने? मग शेजारी आगीच्या वर्दीची काचेची पेटी होती, ती त्याने फोडली.

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पेटीने तिचं काम चोख केलं. कंट्रोल रूमला कळलं की व्हिक्टोरिया गोदीत आग आहे. 'कुठे' मिळालं. पण 'काय' त्या पेटीतून जाऊच शकत नव्हतं. बॉस्टनच्या पेटीसारखीच ती, बोलणार तरी काय? गोदीत कापूस पेटणं ही त्या काळी अधूनमधून होणारी गोष्ट. त्यामुळे नेहमीच्या आगीला जातात तसे दोन पंप निघाले. दारूगोळ्याचं कळल्यावर मागाहून कुमक वाढवली.

इथे जरा थांबून एक सांगायला हवं. त्या फोनला डायल असती तर स्फोट टळला असता असं मला वाटत नाही. नंतर बंब पुष्कळ आले, शेकडो टन पाणी ओतलं गेलं. खुद्द दलाचे प्रमुख हजर होते. पण कप्तान, लष्करी अधिकारी आणि गोदीचे अधिकारी यांच्यात जहाज बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं याचा निर्णय कोणी घेईना. सगळे हजर, पण ओनर कोणीच नाही. फक्त डायलवर खापर फोडलं तर गोष्ट छान होते, पण खरी होत नाही. तरी पहिला निरोप अर्धवट गेला आणि सुरुवातीची मिनिटं चुकीच्या आगीशी लढण्यात गेली, एवढं नक्की.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. जमिनीला बसलेला हादरा १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्याच्या यंत्रांनी नोंदवला. पेटत्या गाठी आकाशातून आसपासच्या वस्तीवर पडल्या. एक सोन्याची वीट बरीच लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली (त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली). मेलेल्यांचा सरकारी आकडा सातशेच्या वर, खरा त्याहून कितीतरी जास्त असणार, कारण वस्तीतल्या माणसांची मोजदाद कोण ठेवत होतं? अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. ते शेवटपर्यंत जहाजावर आणि धक्क्यावर पाइप धरून उभे होते.

पुढचं जरा भराभर. १६ फेब्रुवारी १९६८ ला अमेरिकेत अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावातून ९११ चा पहिला कॉल लागला. एटी अँड टीने नंबर जाहीर करून महिनाही उलटला असेल-नसेल, तेवढ्यात एका छोट्या स्थानिक कंपनीने तो आधी सुरू करून दाखवला (स्टार्टअप!). ज्या लाल फोनवर तो घेतला तो पोलीस ठाण्यात ठेवला होता. पुढे तिकडे लँडलाइनच्या नंबरावरून घराचा पत्ता ऑपरेटरच्या स्क्रीनवर यायला लागला. म्हणजे 'काय' आणि 'कुठे', दोन्ही एकदाचे जमले. आणि नेमका तेव्हाच मोबाइल आला! मोबाइलला घर नाही. 'कुठे' पुन्हा हरवलं. १९९६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाला मोबाइल कंपन्यांना लोकेशन पाठवायला लावावं लागलं.

९११ वरून आठवलं. माझा एक जुना टीम लीड ऑनसाइट असताना क्लायंटच्या ऑफिसातून घरी फोन लावायचा. बाहेरच्या लाइनसाठी ९, मग ०११, मग भारताचा ९१. एकदा घाईत शून्य राहिलं. लावून बघा: ९, १, १... दहा मिनिटांत पोलीस रिसेप्शनला! आम्ही हा किस्सा कॅन्टीनमध्ये कितीदा हसून हसून ऐकला असेल.

पण त्याच ९ ची दुसरी गोष्ट वाचली आणि हसू गेलं. १ डिसेंबर २०१३, टेक्सासमधल्या मार्शल गावातलं एक हॉटेल. खोलीत एका बाईवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवल्याप्रमाणे खोलीतल्या फोनवरून ९११ लावला. लागला नाही. पुन्हा लावला. असा चार वेळा. हॉटेलच्या फोनला बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ लागायचा, हे तिला कोण सांगणार? आई गेली. २०१८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, त्या आईच्याच नावाने, 'करीज लॉ'. अशा प्रत्येक फोनवरून ९११ थेट लागलाच पाहिजे. मुलीने सगळं बरोबर केलं होतं. चुकलं होतं ते कोणीतरी कधीतरी तसंच ठेवलेलं एक डिफॉल्ट सेटिंग. असली सेटिंग्ज मी पण सोडली आहेत. म्हणजे हॉटेलच्या फोनची नाहीत, पण तरी.

आपल्याकडे? पोलिसांना १००, आगीला १०१, ॲम्ब्युलन्सला १०२, हे शाळेत पाठ केलेलं. आधी संकटाचं वर्गीकरण करा, मग नंबर निवडा. १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादेत १०८ सुरू झाला, आणि तो आणला आपल्याच धंद्यातल्या माणसाने: सत्यमचे रामलिंग राजू! कॉल सेंटर, कॉम्प्युटरवरून जवळची गाडी शोधणं, गाडीत प्रशिक्षित माणूस. २००९ च्या जानेवारीत त्यांनी ताळेबंदातल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि सत्यम कोसळली. १०८ मात्र चालू राहिला, जीव्हीके समूहाने तो सांभाळला. त्या नावाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून दोन फोल्डर आहेत आणि ते मर्ज होत नाहीत. महाराष्ट्रात १०८ यायला २०१४ उजाडलं, ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन.

११२ मूळचा युरोपातला, १९९१ मध्ये तिथे ठरलेला. पण तो जीएसएमच्या स्टँडर्डमध्येच बसवला, म्हणून लॉक असलेल्या फोनवरूनही लागतो, आणि आपल्या कंपनीचा टॉवर नसेल तर दुसऱ्या कंपनीचा पकडून लागतो. (कुठलंच नेटवर्क नसतानाही लागतो, अशी फॉरवर्ड फिरत असतात. नाही लागत. टॉवर कुठला तरी हवाच.) डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या त्या घटनेनंतर भारतात एकच नंबर हवा ही मागणी जोरात पुढे आली, निर्भया निधीतून पैसे मिळाले आणि २८ नोव्हेंबर २०१८ ला हिमाचल प्रदेशात ११२ सर्वात आधी सुरू झाला. मग एकेक करत बाकीची राज्यं. दरम्यान २०१६ मध्ये सरकारने नवीन फोनना पॅनिक बटण सक्तीचं करायचा नियम काढला. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. हल्लीच्या बऱ्याच फोनवर तीनऐवजी पाचदा दाबावं लागतं. सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या फोनचं बघून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्या बाईंनी 'काय झालंय'च्या आधी 'कुठे' का विचारलं हे मला आता कळतं. लाइन तुटली, तुमची बॅटरी गेली, तुम्ही स्वतःच कोसळलात, तरी 'कुठे' हातात असलं की कोणालातरी पाठवता येतं. 'काय' हातात असून 'कुठे' नसेल तर फक्त हळहळता येतं. आणि फोन कधी करायचा, याचं माझं उत्तर आता सोपं झालंय. 'करू का नको?' असा प्रश्न पडला ना, तीच वेळ. गॅस आहे की हार्ट हे ठरवणं माझं काम नव्हतं. ते ठरवायला शिकलेली माणसं तीन आकड्यांच्या पलीकडे बसली होती आणि मी त्यांना तेवीस मिनिटं ताटकळत ठेवलं. तेही काका घामाने निथळत असताना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "दुखायला किती वाजता लागलं?" काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी कॉल लॉग उघडला नाही. काकूंनीच अंदाजे वेळ सांगितली. अँजिओप्लास्टी झाली, काका आता सकाळी खाली चकरा मारतात. पण जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात. आधी थांबायचे नाहीत.

परवा मी सोसायटीचा पूर्ण पत्ता टाइप करून लिफ्टशेजारी लावला. सर्व्हे नंबर, तालुका, पिनकोड, जवळची खूण (बिर्याणीवाल्यासकट), आणि खाली मोठ्या अक्षरांत ११२ आणि १०८. सेक्रेटरींनी विचारलं, कमिटीची परवानगी घेतली का? घेतली नव्हती. मग त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "रात्री अकरानंतर पुढचं गेट बंद असतं, ॲम्ब्युलन्स मागच्या गेटने येते. ते कुठे लिहिलंय?"

लिहिलं नव्हतं. आज खाली जाऊन मार्करने लिहून येतो.